शाळेसाठी कोणती प्रश्नावली? मनःस्वास्थ्याच्या पाच प्रश्नावल्यांचं परीक्षण, गोव्यातल्या वर्गासाठी

शाळेत मुलांच्या मनःस्वास्थ्याची पाहणी करायचं ठरलं की मुख्याध्यापकांच्या टेबलावर बहुधा त्याच पाच प्रश्नावल्या येतात: भावना आणि वर्तनातल्या अडचणींसाठी एसडीक्यू, नैराश्यासाठी पीएचक्यू-९, सर्वसाधारण मानसिक ताणासाठी जीएचक्यू-१२, मन किती प्रसन्न आहे हे पाहायला डब्ल्यूएचओ-५ आणि व्यसनांसाठी क्राफ्ट. सगळ्या एक-दोन पानांच्या आहेत आणि सगळ्यांच्या मागे वर्षानुवर्षांचं संशोधन आहे. त्यामुळे हाताला लागेल ती घ्यावी असं वाटतं, पण तसं करू नये. प्रत्येकीचं मोजमाप वेगळं आहे, चूक होण्याची जागा वेगळी आहे, आणि पेपर गोळा केल्यानंतर शाळेवर येणारी जबाबदारी तर फारच वेगळी आहे.

आमचं मत आधीच सांगतो. पूर्ण वर्गाला द्यायची असेल तर एसडीक्यू द्या, दोन्ही बाजू छापून. पीएचक्यू-९ वर्गात वाटू नका, ती समोरासमोर बसून विचारायची आहे. जीएचक्यू-१२ शाळेसाठी घेऊ नका. डब्ल्यूएचओ-५ निनावी पाहणीसाठी उत्तम आहे, पण फक्त तेवढ्यासाठीच. आणि यांपैकी एकीवरही थांबू नका. गोव्यातल्या तरुण मुलांबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत जे संशोधन झालं, त्यात धोक्याच्या म्हणून पुढे आलेल्या बऱ्याच गोष्टी या कागदांवर विचारलेल्याच नाहीत.

एसडीक्यू रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. २५ विधानं, प्रत्येकापुढे तीन पर्याय: खरं नाही, काहीसं खरं, अगदी खरं. पाच-पाच विधानांचे पाच गट आहेत: भावनिक त्रास, वर्तनाच्या अडचणी, चंचलता, सवंगड्यांशी संबंध आणि इतरांना मदत करण्याची वृत्ती. एकूण अडचणींच्या बेरजेत पहिले चार गटच धरायचे, म्हणून गुण ० ते ४० मध्ये येतात. मुलाने स्वतः भरायचा नमुना ११ ते १७ वर्षांसाठी आहे. त्याची मूळ ब्रिटिश विभागणी अशी: १५ पर्यंत सामान्य, १६ ते १९ सीमेवर, २० आणि वर लक्ष देण्याजोगं. पालकांच्या नमुन्यात हीच वरची रेषा १७ ला आहे आणि शिक्षकांच्या नमुन्यात १६ ला. तिन्ही नमुन्यांना एकच रेषा लावली की निकाल चुकतो.

सर्वांत जास्त घोळ गुण देताना होतो. पाच विधानं उलटी मोजायची असतात: सांगितलेलं ऐकतो, एक तरी चांगला मित्र आहे, इतर मुलांना मी आवडतो, करण्याआधी विचार करतो, हातातलं काम पूर्ण करतो. इथे ‘अगदी खरं’ला २ नव्हे, ० गुण. एक्सेलमध्ये भरताना हा उलटा क्रम विसरला, तर पूर्ण ठणठणीत मुलाच्या खात्यात १० गुण विनाकारण चढतात. भरलेल्या पहिल्या दहा पेपरांचे गुण हाताने काढून संगणकाच्या बेरजेशी ताडून पाहा, मगच पुढे जा. एखाद्या गटातली दोन विधानं कोरी राहिली असतील तर उरलेल्या तिघांच्या सरासरीवरून गट पुरा करता येतो. तीन कोरी असतील तर तो गट सोडून द्यायचा.

दुसरा घोळ झेरॉक्सच्या दुकानात होतो. एसडीक्यूच्या मागच्या बाजूला ‘परिणामा’चे प्रश्न असतात: तुला अडचण आहे असं वाटतं का, किती दिवसांपासून, त्याचा किती त्रास होतो, घरी, मैत्रीत, अभ्यासात आणि फावल्या वेळात किती अडथळा येतो. कागद वाचवायला एकच बाजू छापली की हे प्रश्न जातात. आमच्या मते या प्रश्नावलीतला सर्वांत कामाचा भाग हाच आहे. त्रास आणि अडथळा यांचे मिळून ० ते १० गुण होतात, आणि २ किंवा जास्त आले तर त्या मुलाशी बोलायलाच हवं. २१ गुण मिळूनही ‘काही अडत नाही’ म्हणणाऱ्या मुलापेक्षा १७ गुणांवर ‘अभ्यासात फार अडतं, घरी फार अडतं’ लिहिणारी मुलगी आधी बोलावली पाहिजे.

ब्रिटनमधल्या त्या रेषा मुळात अशा आखल्या होत्या की तिथल्या साधारण दहा टक्के मुलांनी सर्वांत वरच्या गटात यावं. तो दहावा हिस्सा म्हणजे आजारी मुलं नव्हेत. गोव्यात १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींची निदानाचे निकष लावून तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोणताही मानसिक विकार असणाऱ्यांचं प्रमाण १.८१ टक्के निघालं. आता हिशेब करू. समजा १,००० मुलांची शाळा आहे आणि प्रश्नावली दर दहा आजारी मुलांतली आठ पकडते, दर दहा निरोगी मुलांतली नऊ बरोबर सोडते. हजारात आजारी १८, त्यांतली १४ सापडतील. निरोगी ९८२, त्यांतली ९८ उगाच अडकतील. म्हणजे बोलावलेल्या ११२ मुलांपैकी आठात एकालाच खरा विकार असेल. यात प्रश्नावलीचा दोष नाही. दुर्मीळ गोष्ट चाळणीने शोधताना असंच होतं. म्हणून निकालाच्या कागदावर ‘डिप्रेशन’ हा शब्द कधीही लिहू नका, वर्गशिक्षकांना गुण देऊ नका आणि पालकसभेत तर त्यांचा उल्लेखही नको. ‘बोलायचं आहे’ एवढीच एक खूण पुरते.

एसडीक्यू कागदावर, विनानफा कामासाठी, फुकट वापरता येते, पण तिचे हक्क राखीव आहेत. शब्द बदलायचे नाहीत, आपलं आपण भाषांतर करायचं नाही, आणि परवानगीशिवाय गूगल फॉर्ममध्ये चढवायची नाही. अधिकृत संकेतस्थळावर जो अनुवाद आहे तोच वापरा. गोव्यात हा मुद्दा नाजूक आहे. डिचोली-पेडण्याकडचं मूल प्राथमिक शाळा मराठीतून शिकतं, पाचवीपासून इंग्रजी पुस्तकं वाचतं आणि घरी कोकणी बोलतं. सासष्टीतलं मूल कोकणीच बोलतं, पण वाचायची तर रोमी लिपी. कोणती भाषा द्यावी हे शिक्षकाने ठरवू नये. मुलाला दोन कागद दाखवून निवडू द्यावं आणि कोणत्या भाषेतला भरला ते कोपऱ्यात नोंदवावं. दोन भाषांतले गुण एकत्र करून वर्गाची सरासरी काढणं टाळावं.

काही विधानं इथल्या घरांत वेगळी वाजतात. ‘सांगितलेलं ऐकतो’ हे मोठ्यांना आवडणारं उत्तर आहे, म्हणून जवळजवळ सगळेच ‘अगदी खरं’वर खूण करतात आणि वर्तनाच्या गटाचे गुण कमी दिसतात. ‘माझ्या वयाच्या मुलांपेक्षा मोठ्या माणसांशी माझं जास्त जमतं’ हे विधान सवंगड्यांच्या अडचणीत मोजलं जातं. आजीच्या हाताखाली वाढलेल्या मुलाला ते तसं लागू करताना जपून. पालकांच्या नमुन्यात मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारलेलं असतं. वडील बोटीवर किंवा आखातात असतील तर तो आईने, किंवा ज्या मोठ्या माणसासोबत मूल रोज राहतं त्याने भरावा, आणि कुणी भरला ते लिहावं.

आता जे या कागदावर नाही त्याकडे येतो. २००८ च्या त्याच अभ्यासात विकारांशी जोडलेल्या गोष्टी अशा होत्या: अभ्यासातल्या अडचणी, राहत्या परिसरात सुरक्षित न वाटणं, मारहाण किंवा शिवीगाळ सोसलेली असणं, तंबाखू, वारंवार पार्ट्या आणि बाहेर हिंडण्याची जीवनशैली. शहरी मुलांत आणि मुलगी म्हणून दुजाभाव सोसलेल्या मुलींत प्रमाण जास्त होतं. ज्यांचा मुख्य आधार कुटुंब होतं त्यांच्यात ते कमी होतं. यांतलं तंबाखू, घरातला मार, परिसराची भीती, मुलगी म्हणून मिळणारी वागणूक, काहीच एसडीक्यू विचारत नाही. त्याआधी, २००१ मध्ये, गोव्यातल्या उच्च माध्यमिक शाळांतल्या अकरावीच्या ८११ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश मुलामुलींनी आदल्या वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सांगितला. मुलांनीही सांगितला, हे ध्यानात ठेवावं.

म्हणून प्रश्नावलीनंतरचं वीस-तीस मिनिटांचं बोलणं हाच या सेवेचा गाभा. त्यासाठी ‘हेड्स’ नावाचा क्रम जगभर वापरला जातो: घर, शिक्षण, आवडीनिवडी आणि मित्र, नशा, लैंगिकता, मग उदासी आणि आत्महत्येचे विचार. क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो आणि तो मोडायचा नाही. पहिल्याच प्रश्नात ‘घरात भांडणं होतात का’ विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार. ‘घरी कोण कोण असतं, तुझं कुणाशी जास्त जमतं’ इथून सुरू करा. आणि दार अर्धवट उघडं असलेल्या स्टाफरूममध्ये हे बोलणं होत नाही. ग्रंथालयाचा कोपरा चालेल, जिथे मूल इतरांना दिसेल पण त्याचं बोलणं ऐकू जाणार नाही.

बोलण्याच्या सुरुवातीला गुप्ततेबद्दल काय सांगायचं ते शब्दशः ठरवून ठेवा. ‘सगळं आपल्यातच राहील’ हे वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. असं सांगता येईल: ‘तू जे सांगशील ते वर्गाला, शिक्षकांना कळणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे किंवा कुणी तुला त्रास देतंय असं कळलं, तर मदत करू शकणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल. सांगण्याआधी मी तुला सांगेन.’ हे ऐकून एखादं मूल गप्प बसेल. बसू द्या. दुसऱ्या भेटीत बोललं तर ते विश्वासाने बोललेलं असतं.

पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न आहेत, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. उत्तरं ० ते ३, एकूण २७. पाच, दहा, पंधरा आणि वीस या पायऱ्या, आणि दहा किंवा जास्त आले की सविस्तर तपासणी. वापरायला परवानगी किंवा शुल्क लागत नाही. किशोरवयीनांसाठी तिचं वेगळं रूप आहे, ११ ते १७ वर्षांसाठी, ज्यात उदासीबरोबर चिडचिडही विचारली जाते. शाळेत घ्यायचं तर तेच घ्यावं, कारण या वयात उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपानेच दिसते. मुलं अडखळतात ती आठव्या प्रश्नाशी: हालचाल किंवा बोलणं मंदावलंय का, किंवा उलट स्वस्थ बसवत नाही का. एकाच प्रश्नात दोन विरुद्ध गोष्टी. ‘यांतलं कुठलंही एक असेल तरी हो’ असं आधीच सांगावं. ‘निम्म्याहून जास्त दिवस’ हा पर्यायही धूसर राहतो. ‘चौदा दिवसांपैकी आठ किंवा जास्त’ म्हटलं की लगेच उमगतो. श्रावणातल्या उपवासांत किंवा रमजानमध्ये भुकेचा प्रश्न विचारताना ‘उपवासामुळे न खाणं यात धरू नको’ असं सांगा, नाहीतर त्याचे गुण फुगतात.

खरा प्रश्न नववा. मेलेलं बरं असं वाटणं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणं. इथे ० सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, समोरासमोर बोलायचं. एकूण गुण ४ असले तरी. यासाठी किती तयारी लागते, त्याचा अंदाज गोव्याच्याच आकड्यांवरून घ्या. १६ ते २४ वयाच्या ३,६६२ तरुणांच्या अभ्यासात, जो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, मागच्या तीन महिन्यांत आत्महत्येचे विचार किंवा तशी कृती सांगणारे ३.९ टक्के होते, आणि मुलींमध्ये धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त होता. ४०० विद्यार्थ्यांच्या उच्च माध्यमिक शाळेला हेच प्रमाण लावलं तर सोळा जण. प्रत्येकाला किमान अर्धा तास द्यायचा तर आठ तास झाले. एका समुपदेशकाचा पूर्ण दिवस त्यात जातो. म्हणून ही प्रश्नावली सगळ्या वर्गांना एकाच सकाळी वाटणं धोक्याचं आहे, आणि निनावी वाटणं त्याहून धोक्याचं: कुणीतरी कागदावर मदत मागितलेली असते आणि तो कोण हे शोधायचा मार्गच राहत नाही.

नवव्याला ‘हो’ आलं तर पुढे काय विचारायचं, यासाठी एएसक्यू नावाचे चार छोटे प्रश्न आहेत: अलीकडे मरून जावंसं वाटलं का, आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं असं वाटलं का, मागच्या आठवड्यात आत्महत्येचे विचार आले का, आधी कधी तसा प्रयत्न केला होता का. एकालाही ‘हो’ म्हटलं तर पाचवा: आत्ता, या क्षणी, तसे विचार आहेत का. पाचव्याला ‘हो’ असेल तर मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलावून घ्यायचं आणि थेट बांबोळीला न्यायचं, गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा तिथल्याच मनोविकार संस्थेत, आयपीएचबीमध्ये. गाडीची सोय नसेल तर १०८. पाचव्याला ‘नाही’ असेल तरी पालकांशी त्याच दिवशी बोलणं आणि ठरलेली पुढची भेट हवीच. रात्रीबेरात्रीसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलाच्या वहीत लिहून द्यावा. सरकारची ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र. मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन १०९८. थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल ही भीती शिक्षकांना फार असते. विचारल्याने धोका वाढतो असं संशोधनात आढळलेलं नाही. न विचारता राहिलेलं मूल मात्र एकटंच राहतं.

जीएचक्यू-१२ गोव्यातल्या संशोधनात बरीच वापरली गेली, आणि अभ्यासासाठी ती चांगली आहे. शाळेसाठी दोन अडचणी आहेत. तिचा परवाना घ्यावा लागतो. आणि तिचे प्रश्न ‘नेहमीपेक्षा’ या मापात आहेत: नेहमीपेक्षा कमी झोप, नेहमीपेक्षा जास्त ताण. जे मूल दोन वर्षं दुःखातच आहे ते प्रामाणिकपणे ‘नेहमीइतकंच’ लिहितं, आणि त्याला शून्य गुण मिळतात. ज्याला सर्वांत आधी हात द्यायला हवा, तेच सुटतं.

डब्ल्यूएचओ-५ चे पाचही प्रश्न चांगल्या गोष्टींबद्दल आहेत: आनंदी वाटलं का, शांत वाटलं का, उत्साह होता का, झोपेतून ताजंतवानं उठलास का, दिवसात मन रमेल असं काही होतं का. ० ते २५ गुण, चारने गुणून शंभरात. पन्नास किंवा खाली म्हणजे मनःस्थिती खालावलेली. मुलांना भरायला ती अजिबात जड जात नाही. चतुर्थीआधी आणि परीक्षेनंतर असं वर्षातून दोनदा निनावी घेतली, तर नववीचा वर्ग आठवीपेक्षा खचलेला आहे का, हे कळतं. कुठल्या मुलाला मदत हवी, हे मात्र तिच्यातून शोधू नये.

क्राफ्ट १२ ते २१ वर्षांसाठी आहे. आधी मागच्या बारा महिन्यांत दारू, गांजा किंवा इतर काही किती दिवस घेतलं ते विचारायचं, मग सहा प्रश्न, आणि दोन ‘हो’ आले की पुढची तपासणी. सगळीकडे शून्य असलं तरी पहिला प्रश्न विचारायचाच: नशेत असलेल्या कुणी चालवलेल्या गाडीत बसलास का. मूळ प्रश्नात मोटारगाडी आहे. गोव्यात स्कूटरच्या मागे बसणंही त्यात येतं, हे तोंडी सांगावं. बिअर, फेणी आणि काजूच्या हंगामातला हुर्राक यांची नावं वेगवेगळी घेऊन विचारावं, कारण बिअर किंवा हुर्राक पिणारं मूल ‘दारू घेतोस का’ला बिनदिक्कत ‘नाही’ म्हणू शकतं. आणि क्राफ्ट तंबाखूचा हिशेब सुरुवातीपासून करत नव्हती. ज्या आवृत्तीत निकोटीनचे प्रश्न जोडलेले आहेत तीच मागवा, वरच्या अभ्यासात तंबाखू आली होती ती आठवून.

प्रश्नावली वर्गात घ्यायचा वार सोमवार किंवा मंगळवार, पहिल्या दोन तासिका. शनिवार नको, शुक्रवारही नको, कारण दुसऱ्या दिवशी मूल हाताशी हवं. दिवसाला दोनच तुकड्या. सहामाहीच्या किंवा वार्षिक परीक्षेच्या आगेमागे पंधरा दिवस नकोत, चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा आठवडाही नको. बाकांवर दोघं बसत असतील तर परीक्षेसारखं एकेकाला बसवा. नाव वेगळ्या चिठ्ठीवर, पेपरवर फक्त क्रमांक. कोरा पेपर देणाऱ्यानेही तो घडी करून पाकिटात टाकायचा, म्हणजे कुणी भरला नाही हे शेजाऱ्याला कळत नाही. शिक्षकांनी रांगांमधून फिरायचं नाही. पालकांची लेखी संमती आधी आणि मुलाचा होकारही. संशोधन म्हणून करणार असाल तर १२ वर्षांवरच्या मुलाचा होकार लेखी घ्यावा लागतो आणि नैतिकता समितीची मान्यता लागते.

शाळा कायमची सुटलेल्या मुलांपर्यंत यांतलं काहीच पोचत नाही, आणि २००९ च्या अभ्यासात शिक्षणाबाहेर असणं हेही आत्महत्येच्या धोक्याशी जोडलेलं होतं. दहावीनंतर नाव कमी झालेल्यांची यादी शाळेकडे असते. ती समुपदेशकाला द्या, घरी एक फोन करायला सांगा.

ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांना एसडीक्यूचा पाठपुराव्याचा नमुना द्यावा. तो सहा महिन्यांऐवजी मागच्या एका महिन्याबद्दल विचारतो आणि मदत मिळाल्यापासून फरक पडला का, हेही विचारतो. त्याची तारीख पहिल्या भेटीतच मुलासमोर डायरीत लिहा.